घरातील वाय-फाय वारंवार तुटत असल्यास : दोष शोधण्याची रीत

प्राथमिक शिक्षकाच्या कामाचा जो भाग पूर्वी शाळेच्या दप्तरातच संपत असे, त्यातील बराचसा आता मोबाइलवर येऊन ठेपला आहे. शालेय पोषण आहाराची दैनंदिन नोंद, यू-डायस प्लसवरील विद्यार्थ्यांची माहिती, दीक्षावरील प्रशिक्षणाचे घटक, केंद्रप्रमुखांनी तातडीने मागविलेले तक्ते व छायाचित्रे, ही कामे इंटरनेटवाचून होत नाहीत. शाळेच्या आवारात रेंज नसेल तर शिक्षक ती सायंकाळी घरी करतात; आणि घरी वाय-फाय असेल तर त्याच्याच भरवशावर करतात. हा भरवसा मध्येच तुटला म्हणजे होणारा त्रास केवळ गैरसोयीचा नसतो. अर्धा भरलेला तक्ता पुसला जातो, मुदत टळते, आणि खुलासा मात्र शिक्षकालाच द्यावा लागतो.

अशा वेळी बहुतेकजण काय करतात ते सर्वांच्या परिचयाचे आहे. मोबाइल बंद करून सुरू करावयाचा, राउटरचे बटण दाबावयाचे, पासवर्ड नव्याने घालावयाचा, जागा बदलून पाहावयाची, हे सर्व पाच मिनिटांत एकापाठोपाठ उरकले जाते. कधी नेट सुरू होते, कधी होत नाही. सुरू झाले तरी कोणत्या उपायाने झाले ते कळत नाही. म्हणून दुसऱ्या सायंकाळी तीच धडपड पुन्हा प्रारंभापासून करावी लागते. शुद्धलेखनात वारंवार चुकणाऱ्या मुलास शिक्षक एकदम सर्व नियम सांगत नाही. चूक ऱ्हस्व-दीर्घाची की जोडाक्षराची, हे तो आधी वह्या पाहून ठरवितो. वाय-फायच्या बाबतीत मात्र हीच रीत आपण विसरतो. दोष नेमका कोठे आहे हे आधी ठरविणे आणि उपाय त्यानंतर करणे, एवढीच गोष्ट येथे तपशिलाने सांगावयाची आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी एक उदाहरण घेऊ. डोंगराळ तालुक्यातील एका द्विशिक्षकी शाळेचे गुरुजी गावातच जुन्या दगडी घरात राहत आहेत असे समजावे. पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे एक लहान खोली अशी घराची रचना आहे. राउटर सोप्यात, टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर ठेवलेला आहे. गुरुजी मागच्या खोलीत बसून लिहितात. रोज सायंकाळी सातच्या सुमारास त्यांचे वाय-फाय तुटू लागते. त्याच वेळी सोप्यात बसलेल्या मुलाच्या मोबाइलवर नेट व्यवस्थित चालते. यावरून आपला मोबाइलच बिघडला आहे असा गुरुजींचा समज होतो, आणि तालुक्याच्या गावी ते नव्या मोबाइलची किंमत विचारून येतात. हा समज वरवर पाहता सयुक्तिक आहे. तो चुकीचा कसा ठरतो, ते पुढे दिसेल.

मार्गातील चार टप्पे

मोबाइलवर एखादे पान उघडते तेव्हा माहितीला पुढील मार्ग तुडवावा लागतो. ती मोबाइलमधून निघते, हवेतून राउटरपर्यंत जाते, राउटरमधून तारेने कंपनीकडे जाते, आणि तेथून ज्या संकेतस्थळाचे काम असेल तेथवर पोहोचते. उत्तरही याच मार्गाने उलट येते. गावातील नळाला पाणी आले नाही तर कोणी लगेच तोटी बदलत नाही. शेजारच्या नळाला आहे काय, टाकी भरली आहे काय, हे पाहिले जाते. वाय-फायविषयी अशीच विचारपूस करावयाची तर दोष मोबाइलात आहे, हवेत आहे, राउटरात व त्याच्या विजेत आहे, की राउटरच्या पलीकडे आहे, असे चार प्रश्न उभे राहतात. मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या पंख्याच्या आकाराच्या पट्ट्या यांपैकी केवळ दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देतात, आणि तेही अर्धेच. पट्ट्या पूर्ण असणे याचा अर्थ राउटरचा आवाज मोबाइलला ऐकू येतो एवढाच. राउटरला बाहेरचे नेट मिळत आहे किंवा नाही, याचा त्या पट्ट्यांशी काहीही संबंध नाही.

पहिली परीक्षा व तिच्यातील फसगत

कोणतीही परीक्षा करण्यापूर्वी मोबाइल डेटा बंद करावा. ही सूचना क्षुल्लक वाटेल, परंतु पुष्कळ चुकीचे निष्कर्ष हिच्याकडे दुर्लक्ष केल्यामुळेच निघतात. आजच्या बहुतेक मोबाइलांत अशी सोय असते की वाय-फाय दुबळे झाले किंवा त्यातून नेट मिळेनासे झाले, तर मोबाइल गुपचूप सिमकार्डाच्या डेटाकडे वळतो. वापरणाऱ्याला हा बदल जाणवतही नाही. उदाहरणातील मुलाचा मोबाइल असाच वळत होता. गुरुजींनी पॅक वाचविण्यासाठी आपला डेटा बंद ठेवला होता, म्हणून तुटलेले वाय-फाय केवळ त्यांच्याच मोबाइलवर उघडे पडत होते. तुटत होते ते दोघांचेही.

मुलाचा व्हिडिओ चालतो आणि वडिलांचा तक्ता मात्र अडतो, याला आणखी एक कारण आहे. व्हिडिओ दाखविणारे अ‍ॅप पुढच्या काही सेकंदांचे चित्र आधीच साठवून ठेवते. लहानसा खंड पडला तरी तो त्या साठ्यावर निभावून नेतो. तक्ता पाठविताना असा साठा नसतो. चार मेगाबाइटचे एक छायाचित्र म्हणजे बत्तीस मेगाबिट होय. वर पाठविण्याचा वेग सेकंदाला एक मेगाबिट असेल तर त्यास निदान बत्तीस सेकंद लागतात. आणि विसाव्या सेकंदाला जोडणी तुटली तर बहुधा पुन्हा पहिल्यापासून प्रारंभ करावा लागतो. तसेच काम चालू असता मोबाइल वाय-फायवरून डेटाकडे वळला, तर कित्येक संकेतस्थळे पुन्हा लॉगिन मागतात व भरलेली माहिती जाते. म्हणून शिक्षकाच्या कामाला वेग थोडा कमी असला तरी चालतो, खंड चालत नाही. वेग मोजणाऱ्या अ‍ॅपवर मोठा आकडा दिसला म्हणून जोडणी चांगली आहे असे मानू नये.

आता प्रत्यक्ष परीक्षा. डेटा बंद ठेवून वाय-फाय जोडावे आणि राउटरच्या जवळ, दोन-तीन पावलांवर, उभे राहावे. ब्राउझरमध्ये राउटरचा स्वतःचा पत्ता घालावा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो, व राउटरच्या तळाशी चिकटविलेल्या कागदावर छापलेला असतो. हे अंक मात्र इंग्रजी अंकांच्या कळांनी टंकावेत. या पत्त्यावर राउटरचे लॉगिनचे पान उघडते. हे पान बाहेरच्या इंटरनेटवरून येत नाही; ते समोरच्या डबीतूनच येते. त्यामुळे ते झटकन उघडले, पण बाहेरचे कोणतेही संकेतस्थळ उघडत नसेल, तर मोबाइल, हवा आणि राउटर यांना निर्दोष समजून पलीकडच्या तारेकडे वळावे. जवळ उभे असताना ते उघडते व मागच्या खोलीत उघडत नाही, असे असेल तर दोष हवेतील मार्गाचा आहे. जवळ उभे राहूनही उघडत नसेल, तर दुसऱ्या मोबाइलवर, त्याचाही डेटा बंद करून, पाहावे. दुसऱ्यावर उघडले तर आपला मोबाइल तपासावा. त्याच्यावरही उघडले नाही तर राउटर तपासावा. लॉगिनचे पान दिसले की काम झाले. आत शिरून काहीही बदलू नये.

ही परीक्षा नेट सुरळीत चालू असताना करून काही उपयोग नाही. तुटलेले असतानाच ती करावयाची असते, आणि नेमक्या त्याच वेळी मन घाईला आलेले असते. म्हणून पत्ता आधीच एका कागदावर लिहून राउटरजवळ चिकटवून ठेवणे बरे.

हवेतील मार्ग

घरगुती तक्रारींचा मोठा वाटा हवेतील मार्गाशी निगडित असतो, यास्तव येथे थोडे अधिक थांबणे अवश्य आहे. वाय-फाय म्हणजे रेडिओलहरीच होत. त्यांचे पहिले तांत्रिक प्रमाण १९९७ साली प्रसिद्ध झाले व वाय-फाय हे व्यापारी नाव १९९९ साली रूढ करण्यात आले. घरातील राउटर साधारणतः दोन पट्ट्यांत बोलतो. एक २.४ गिगाहर्ट्‌झचा व दुसरा ५ गिगाहर्ट्‌झचा. पहिल्याच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, दुसऱ्याची सुमारे साडेपाच सेंटिमीटर. आखूड लहर अधिक माहिती वाहते, परंतु भिंतीतून जाताना लवकर थकते. लांब लहर तुलनेने संथ, पण भिंत ओलांडण्यास अधिक चिवट. त्यामुळे राउटर असलेल्या खोलीत ५ चा पट्टा उत्तम. दोन दगडी भिंती मध्ये असल्यास २.४ चा पट्टा हाच विश्वासू.

पुष्कळ राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात व कोणत्या पट्ट्यावर जावयाचे हे मोबाइलवर सोपवितात. सीमेवरच्या जागी बसलेला मोबाइल मग कधी या पट्ट्यावर तर कधी त्या पट्ट्यावर उड्या मारीत राहतो, आणि प्रत्येक उडीला क्षणभर खंड पडतो. कंपनीच्या माणसाकडून दोन पट्ट्यांना दोन वेगळी नावे देवविली आणि मागच्या खोलीतील मोबाइलला केवळ २.४ चे नाव जोडून ठेवले, तर हा लपंडाव थांबतो.

अडथळ्यांच्या बाबतीत धातू सर्वांत वाईट. लोखंडी कपाट, पत्र्याची पेटी, पत्र्याची भिंत किंवा छप्पर, आरशामागचा पातळ मुलामा, टीव्हीची मागची बाजू, ही लहरींना परतवून लावतात. पाणी लहरी शोषून घेते. म्हणून भरलेली टाकी किंवा माणसांनी गजबजलेली खोलीही परिणाम करते. जाड दगडी भिंत व लोखंडी सळ्यांचा स्लॅब यांतून लहर जाते, पण पुष्कळ क्षीण होऊन. विटांची पातळ भिंत त्या मानाने उदार. राउटर शोभेसाठी कपाटात बंद करण्याची किंवा धूळ नको म्हणून त्यावर पत्र्याचा डबा उपडा घालण्याची जी चाल काही घरांत दिसते, तिच्याविषयी अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही.

येथे एक गोष्ट लक्षात आणून द्यावीशी वाटते. सहावी-सातवीच्या विज्ञानात याचा सुरेख प्रयोग होतो. मोबाइलला वाय-फाय जोडून तो जाड काचेच्या बरणीत ठेवावा, व दुसऱ्या मोबाइलवरून त्याला संदेश पाठवावा. संदेश पोहोचल्याचा आवाज येतो. नंतर त्याचा डेटा बंद ठेवून तोच मोबाइल घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावा. संदेश बहुधा अडतो किंवा उशिरा पोहोचतो. झाकणास फट असेल तर लहरी आत शिरतात व प्रयोग फसतो. पण तो का फसला हे मुलांनी शोधून काढले, तर फसलेला प्रयोगही वाया गेला असे होत नाही.

हवेतील जोर आकड्यांत मोजावयाचा असल्यास वाय-फाय तपासणारी अ‍ॅपे मोफत मिळतात. त्यांना स्थान पाहण्याची परवानगी मोबाइल मागतो. ती काम होईपर्यंत देऊन नंतर काढून घ्यावी. हा जोर डीबीएम या एककात, उणे चिन्हाने दाखविला जातो. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६५ पर्यंत समाधानकारक, उणे ७० च्या खाली दुबळे, आणि उणे ८० ला जोडणी टिकत नाही असे समजण्यास हरकत नाही. हे आकडे साध्या मोजपट्टीचे नाहीत. दहाचा फरक म्हणजे शक्ती दहापटीने घटली असा त्याचा अर्थ. उणे ५० व उणे ८० यांत हजारपटींचे अंतर आहे. उदाहरणातील घरात मागच्या खोलीत उणे ७८ इतका आकडा येत होता. राउटर कपाटावरून काढून माजघराच्या दाराजवळ, उंच लाकडी फळीवर, मोकळ्या जागी ठेवल्यावर त्याच खोलीत उणे ६२ मिळाला. यात एका पैशाचाही खर्च नव्हता. मात्र ऑप्टिकल तार स्वतः ओढून नेऊ नये. तिच्या आतील धागा काचेचा असतो. तार काटकोनात मुडपली तर प्रकाश वळणावरच बाहेर सांडतो. तार लांबवावयाची तर ती कंपनीच्या माणसाने लांबवावी.

पट्ट्या दिसतात पण छायाचित्र वर जात नाही, असाही अनुभव येतो. राउटरची बोलण्याची शक्ती बहुधा मोबाइलपेक्षा अधिक असते. राउटरचे बोलणे मोबाइलला ऐकू येते, मोबाइलचे मात्र राउटरपर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी छायाचित्रे चढविण्यापुरते उठून राउटरजवळ जाऊन बसावे.

गर्दीचाही दोष असू शकतो. २.४ चा पट्टा भारतात २००५ सालच्या नियमांनी कमी शक्तीच्या साधनांना विनापरवाना खुला झाला. म्हणून वाय-फाय, ब्ल्यूटूथ आणि मायक्रोवेव्ह भट्टी ही सर्व त्याच अंगणात नांदतात. या पट्ट्यातील चॅनेल एकमेकांवर सांडतात. १, ६ व ११ हे तीनच परस्परांपासून अलग राहतात. वाडीवस्तीवर या कारणाने अडत नाही. बाजारपेठेच्या गावी, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत मात्र शेजाऱ्याचा राउटर कोणत्या चॅनेलवर आहे हे अ‍ॅपवर पाहून आपला दुसऱ्यावर लावून घेतल्यास फरक पडतो. रिपीटर नावाची जी लहान डबी भिंतीतील प्लगला लावतात, ती दुबळ्या जागी लावून उपयोग नाही. जेथवर जोर चांगला पोहोचतो अशा मधल्या जागीच ती लावावी, कारण ती ऐकलेलेच पुढे सांगते. तिला स्वतःलाच नीट ऐकू आले नाही तर पुढे काय सांगणार?

वीज

राउटर कितीही चांगला असला तरी तो विजेवर चालतो, आणि खेड्यातील विजेचा स्वभाव सर्वांना ठाऊक आहे. मोबाइलला स्वतःची बॅटरी असल्यामुळे दिवा क्षणभर मिचकावला तरी त्याला काही होत नाही. राउटर मात्र त्या क्षणात बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि सुरू होऊन कंपनीशी जोडणी जुळविण्यास त्यास एक-दोन मिनिटे लागतात. एका सेकंदाच्या झटक्याचा दोन मिनिटांचा खंड होतो तो असा. खोलीत दिवसाचा उजेड असेल, दिवा लागलेला नसेल, तर झटका आल्याचे ध्यानातही येत नाही.

गुरुजींनी एका वहीत चार रकाने आखून आठवडाभर नोंदी ठेवल्या : वेळ, घरातील जागा, राउटरवरचे दिवे, आणि त्या वेळी राउटरचे पान उघडले की नाही. राउटर जागेवरून हलविण्याच्या आधीच त्यांनी ही वही सुरू केली, हे चांगले झाले. नोंदींत दोन निरनिराळे प्रकार दिसून आले. काही वेळा जोडणी मागच्या खोलीतच तुटली होती व राउटरचे सर्व दिवे ठीक होते. तो दोष भिंतींचा व कपाटाचा. इतर वेळी राउटरचे सर्वच दिवे विझून पुन्हा लागत होते, व ते सात ते आठच्या दरम्यान. वहीत सोमवारी मात्र असा एकही प्रसंग नव्हता. सोमवारी गावची पिठाची गिरणी बंद असते. विजेची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते आणि तेवढ्यापुरता जवळच्या घरांतील दाब उतरतो. गिरणी चालू होई, सोप्यातील दिवा मंदावे आणि राउटर मान टाकी.

यावर उपाय म्हणजे राउटरसाठी मिळणारी बॅटरीची लहान डबी. ती घेताना अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट व अँपिअर पाहून त्याच मापाची घ्यावी. पुष्कळ राउटर १२ व्होल्टचे असतात, पण सर्वच नव्हेत. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्टची डबी जोडली तर राउटर जळू शकतो. अडॅप्टर जुना झाला असेल, हाताला फार गरम लागत असेल किंवा त्याची पिन ढिली असेल, तर दाब न उतरताही राउटर अधूनमधून बंद पडतो. तेव्हा आधी अडॅप्टर बदलून पाहणे स्वस्त पडते. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत राउटर स्वतःही तापतो. त्याच्या बाजूच्या फटी मोकळ्या ठेवाव्यात.

राउटरच्या पलीकडे

राउटरचे पान उघडते पण बाहेरचे काहीच उघडत नाही, असे ठरल्यावर त्याच्या दिव्यांकडे पाहावे. गावोगावी आता ऑप्टिकल तारेच्या जोडण्या आल्या आहेत. २०११ साली मंजूर झालेल्या व २०१५ पासून भारतनेट या नावाने चालणाऱ्या योजनेने अनेक ग्रामपंचायतींपर्यंत अशी तार आणली, आणि खासगी कंपन्यांच्याही तारा आहेत. अशा जोडणीच्या डबीवर ‘पॉन’ व ‘लॉस’ अशी इंग्रजी अक्षरे असलेले दोन दिवे असतात. पॉनचा दिवा हिरवा व स्थिर असावा. लॉसचा दिवा एरवी विझलेला असतो. तो तांबडा होऊन लुकलुकू लागला, तर तारेतून प्रकाशच येत नाही असे समजावे. तार कोठे तरी तुटली, मुडपली किंवा सुटली आहे. अशा वेळी मोबाइलात कितीही खटपट केली तरी ती व्यर्थ होय.

दिवे ठीक आहेत, इतर संकेतस्थळे उघडतात, पण ज्यावर माहिती भरावयाची तेवढेच एक उघडत नाही, असे झाल्यास दोष त्या संकेतस्थळाकडे असण्याचा संभव आहे. शेवटच्या तारखेच्या सायंकाळी हे विशेष घडते. वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर तेच पान उघडून पाहावे. तेथेही अडले, तर राउटरला दोष देण्यात अर्थ नाही. पडद्याचे चित्र वेळेसह काढून ठेवावे, व पहाटे किंवा शाळेपूर्वी पुन्हा प्रयत्न करावा. खुलासा द्यावा लागला तर हे चित्र उपयोगी पडते.

मोबाइलमधील दोष

इतके सर्व निर्दोष ठरले, म्हणजेच मोबाइलकडे वळावे. सर्वप्रथम विमान मोड अर्धा मिनिट चालू करून बंद करावा. बॅटरी वाचविण्याची सोय चालू असेल तर पडदा विझताच काही मोबाइल वाय-फाय ढिले सोडतात. काम संपेपर्यंत ती बंद ठेवावी. दिनांक व वेळ चुकलेली असेल तर सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, मग जोडणी कितीही भक्कम असो. वेळ आपोआप घेण्याची सोय चालू असावी. कोणाच्या सांगण्यावरून व्हीपीएन किंवा खासगी डीएनएस लावलेले असल्यास ते काढून पाहावे. या सर्वांनंतर वाय-फायच्या यादीतील आपले नाव ‘फरगेट’ करून पासवर्ड नव्याने द्यावा; जुनी बिघडलेली नोंद त्याने पुसली जाते. घरच्या राउटरमध्ये केवळ ठरावीक मोबाइलांनाच प्रवेश दिला असेल, तर हे करण्यापूर्वी विचार करावा. अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, मोबाइल प्रत्येक वाय-फायसाठी आपला वेगळा बनावट यंत्रपत्ता सांगतो, आणि अशा राउटरला तो अनोळखी वाटू शकतो.

‘नेटवर्क सेटिंग्ज रीसेट’ हा उपाय अगदी शेवटचा समजावा. त्याने छायाचित्रे किंवा संदेश जात नाहीत, हे खरे. परंतु साठविलेले सर्व वाय-फाय पासवर्ड व ब्ल्यूटूथच्या सर्व जोड्या पुसल्या जातात. शाळेचा, पंचायतीचा, नातेवाइकांकडचा पासवर्ड वहीत लिहिलेला नसेल, तर एक दोष काढण्याच्या नादात चार अडचणी ओढवून घेतल्यासारखे होते.

एका वेळी एकच बदल करावा व त्यानंतर निदान एक पूर्ण सायंकाळ पाहावी. हे कंटाळवाणे आहे खरे. गुरुजींनी राउटर हलविला आणि बॅटरीची डबीही त्याच दिवशी लावली असती, तरी त्यांचे काम झाले असते. मग डबी बिघडल्यावर पुढे कधी तरी त्यांनी भिंतीला दोष दिला असता.

कंपनीकडे तक्रार करावयाची झाल्यास ‘नेट चालत नाही’ असे सांगू नये. जोडणीचा ग्राहक क्रमांक, तुटल्याच्या तीन-चार वेळा, त्या वेळी लॉसचा दिवा तांबडा होता की नव्हता, आणि राउटरजवळ उभे राहून, डेटा बंद ठेवून, दोन मोबाइलांवर पाहिले आहे, एवढे वहीतून वाचून दाखवावे व तक्रारीचा क्रमांक त्याच पानावर उतरवून घ्यावा. दूरध्वनीवरील माणसाने राउटर बंद करून सुरू करण्यास सांगितले तर तसे करावे : बटण बंद करून अर्धा मिनिट थांबावे, मग सुरू करावे. मात्र राउटरच्या मागील बारीक छिद्रात टाचणी घालून दाबावयाचे जे बटण असते, त्यास कंपनीने स्वतः सांगितल्याशिवाय हात लावू नये. ते काही सेकंद दाबून धरले की कंपनीने भरलेली सर्व माहिती पुसली जाते, आणि पुष्कळ ठिकाणी तालुक्याहून माणूस येऊन ती पुन्हा भरीपर्यंत घरातील नेट पूर्णपणे बंद राहते.